डाव्या हातासाठी निब

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. मेहुण्यांचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतात का? तुझ्या सासूबाईंचा खोकला थांबला असेल अशी आशा. थोरलीची परीक्षा आटोपली का, आणि लहानीच्या दाताचं काय झालं? आणि तुझी पाठ? विचारल्याशिवाय तू सांगणारी नाहीस, म्हणून विचारतो.

मी ठीक. घरात नेहमीचंच. स्वयंपाकघरातलं अर्धं टेबल जुन्या पेनांनी अडवलंय. लोक अजून दुरुस्तीला आणून देतात. हत्यारं तुला ठाऊक आहेत तीच, दाढीचं पातं, टाचणी, नखं घासायची कानस. सध्या मात्र बाहेरचं काम बाजूला ठेवलंय. तुझ्या वहिनीचं ते हिरवं पेन आहे ना, बाजूची पट्टी उचलून शाई भरायचं, तेच घेऊन बसलो होतो. आतली रबरी पिशवी कडक होऊन तिचा चुरा झाला होता. नवी आता कुठे मिळायला? सलाईनच्या नळीला टोकाशी मऊ रबराचा तुकडा असतो, तो कापला, एक तोंड बंद केलं, दुसरं निबेच्या मागच्या नळीवर नेलपॉलिशने चिकटवलं. झकास शाई ओढतं.

सलाईन घरात कुठून आलं, असं तू आता विचारशील.

मागच्या वेळी तू फोनवर म्हणालीस, "दादा, वहिनी दर वेळी आंघोळीला नाहीतर शेजारी. मी काय वाघ आहे, लपून बसायला?" मी नुसता हसलो, आणि तू फोन ठेवलास. त्यानंतर तुझा फोन नाही. ती आंघोळीला नव्हती गं. माझ्यासमोर खुर्चीतच होती. त्याआधीच तिला अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, वाचा गेली. कळतं सगळं, पण जीभ वळत नाही. दवाखान्यात तुझं नाव काढलं की जोरजोरात मान हलवायची, नको, नको. अशा अवस्थेत तिला तुझ्यापुढे यायचं नव्हतं. मी तिचं ऐकलं.

तिचे डोळे मला वाचता येतात अशी माझी घमेंड होती. राग वाचता येतो. पण मीठ हवंय की उशी, ते नाही कळत. मी एकेक वस्तू पुढे नाचवतो, ती डोळे मिटून घेते. दोघंही थकून जातो.

डॉक्टर म्हणाले, "डाव्या हाताने लिहू द्या." बॉलपेन दाबायला तिच्यात जोर नाही. स्केचपेन दिलं तर, मी काय बालवाडीत आहे का, अशा नजरेने बघितलं. म्हणून हे पेन. शाईच्या पेनाला दाब लागत नाही.

पण माझा शहाणपणा नडला. डावखुऱ्यांना देतो तशी निब तिरकी घासून दिली. कागद टरकन फाटला, शाई साडीवर. तिने पेन भिरकावलं. मग मी स्वतः डाव्या हाताने गिरवून पाहिलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ती कुठे डावखुरी आहे! ती पेन उलथन्यासारखं धरून पुढे ढकलते. दुसऱ्या पेनाची निब काढली, टोक सगळीकडून गोल घासलं, दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. वाकून वाकून मान धरली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तीही पेन दिसलं की तोंड फिरवायची. वाटलं, पुरे आता. हे काही आपल्याच्याने व्हायचं नाही.

आज दुपारी चहानंतर तिने आपणहून हात पुढे केला. आधी नुसते गोल काढले. मी म्हटलं, "काहीही लिही. मला शिव्या दे हवं तर." बराच वेळ गेला. एकेक अक्षर भिंतीला धरून चालल्यासारखं. मग कागद माझ्याकडे सरकवला.

'वन्सं रागावल्या?'

इतके दिवस पोटात हेच धरून बसली होती. मी विचारलं, "सांगू का तिला सगळं?" तिने मान हलवली. या वेळी होकाराची.

धाकटे, माझ्यावर राग धर, तुझा हक्क आहे. फोन मात्र करू नकोस. तो वाजला की ती अंग चोरून बसते. पत्र लिही, लवकर लिही, तिच्या नावाने लिही. अक्षर मोठं काढ. आणि शेवटी तिला काहीतरी विचार. उत्तर द्यावंच लागेल असं.

तुझा,
दमलेला दादा