दोन मिनिटं, स्विस घड्याळाप्रमाणे

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
स्विस घड्याळ आलं. मेकॅनिकल, शिवाय क्रोनोग्राफ. म्हणजे त्यातच स्टॉपवॉच. त्या जातीत परवडणारं, असं माझं मत. थोरल्या बहिणीला, आक्काबाईला, किंमत सांगितलेली नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं स्टॉपवॉच हाताळतोय, तेव्हा चाचणी मीच घेणार. रोजच्या वापराला चालतं का, एवढंच बघायचं. ज्योत्स्नाच्या स्मृतिदिनाशी या खरेदीचा संबंध नाही.

५ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
दिवसाला सहा सेकंद पुढं. चालेल. जाड आहे, शर्टाच्या बाहीखाली जात नाही. काल इंदापूरच्या एसटीत शेजारच्यानं विचारलं, लग्नात मिळालं का. हो म्हणालो.
आज चहाला लागलेला वेळ मोजला. चार मिनिटं दहा सेकंद. दोन कपांचा झाला होता. दोन्ही प्यालो.

८ फेब्रुवारी, शनिवार
लेकीचा, दिशाचा, पुण्याहून फोन. तेवीसला आईचा पहिला स्मृतिदिन, बारामतीत घरीच करू म्हणाली. मी एकच काम मागून घेतलं: दोन मिनिटांची स्तब्धता. मागच्या वर्षी पुण्यानुमोदनाला, तिच्या शोकसभेत, लोक चाळीस सेकंदांत खाली बसले. ज्योत्स्नाला पूर्ण दोन मिनिटं मिळाली पाहिजेत. शिवाय हातात काम असलं की मी चारचौघांत रडणार नाही. एवढं नक्की.

११ फेब्रुवारी
घड्याळ बंद पडलं. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, हात हालला की याला आपोआप किल्ली बसते; घालून फिरता ना? फिरतो म्हणालो.
(शनिवारी दुपारपासून पलंगावर होतो. काल रजा टाकली. ताप नव्हता.)
कंपनी साठ तास चालेल म्हणते. तेवढं चाललं. दावा खरा.

१६ फेब्रुवारी, रविवार
फोटोसमोर उभं राहून तालीम. दहा वेळा, दर वेळी बरोबर दोन मिनिटं. डोळे कोरडे. नजर काट्यावर ठेवायची, फोटोवर नाही. आक्काबाई दारातून म्हणाली, "आरं भूषण, ती काय पळायच्या शर्यतीत उतरलीया व्हय?" काटा शून्यावर आणला.
तयारी पूर्ण.

२३ फेब्रुवारी, सायंकाळी ६
त्रिसरण-पंचशील झालं. सगळे उभे राहिले. बटण दाबलं.
दोन मिनिटं झाली. "बसा" एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं की संपलं असतं, आणि लोक जेवायला उठले असते. काटा पुढं गेला. तीन. पाच. पणदऱ्याचे मेव्हणे बुद्धघोष एकदा खाकरले, मग तेही गप्प. आक्काबाई गुडघा धरून उभी. कुणी बसलं नाही.
नऊ मिनिटांनी दिशा जवळ आली. माझ्या मनगटावर हात ठेवून हळू म्हणाली, "पप्पा, बसू द्या त्यांना."
मग रडलो. चारचौघांत, मोठ्यानं. त्याचा वेळ मोजला नाही.
निघताना मेव्हण्यांनी चपला घालता घालता विचारलं, "दाजी, घड्याळात बिघाड हाय का काय?"
म्हणालो, घड्याळ ठीक आहे.