गार गादीवरचं लेकरू

१२ जानेवारी, दुपार

मुलगा झाला. रडला नाही. नाळेचा गळ्याला वेढा! काही मिनिटं मेंदूला प्राणवायूच मिळाला नाही म्हणे. ही अजून भुलीत आहे, तिला काही माहीत नाही. मी काचेबाहेर. आत पोराला उघडाच ठेवलाय, गार गादीवर. गादीतून थंड पाणी फिरतं. माझं डोकंच फिरलं. सिस्टरवर ओरडलो — "लोक बाळाला गुंडाळतात, तुम्ही गारठवताय?" ती म्हणाली, "दादा, आवाज खाली."

कधी नव्हे ते हात रिकामे. म्हणून लिहितोय.

तीच संध्याकाळ

सासूबाईंनी लोकरीचे मोजे आणले. "जावईबापू, गुपचूप घाला. गारठलंय हो लेकरू." आत शिरून घातले! सिस्टरने पकडलं. डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन उभं केलं.

वाटलं, आता चांगलीच झाडणार. त्यांनी खुर्ची दिली. म्हणाल्या, "धक्का बसून गेलाय. पण खरं नुकसान त्यानंतर होतं. पेशींमध्ये रासायनिक क्रिया भडकतात, एकीतून दुसरी. त्यांना थांबवायचं औषध नाही. गारव्यात मात्र त्या मंदावतात. तेवढ्यात मेंदू सावरतो — सावरला तर."

मी म्हटलं, "बाई, हे तर मी रोज करतो!"

खरंच. फायबरच्या टाक्या, बंपर जोडायचे म्हणजे रेझीनच्या चिकट रसात तो कडक करणाऱ्या हार्डनरचे थेंब टाकायचे. थेंब जास्त पडले की पळापळ. उन्हाळ्यात तर ढवळता ढवळता डब्यातच दगड होतो, वर धूर. थंडीत तेच रेझीन रुसून बसतं, घट्टच होत नाही. काम लांबणारं असलं की मी डबा बर्फाच्या पाण्यात ठेवतो. इतकी वर्षं ठेवतोय, पण असं का होतं हे कधी डोक्यातच आलं नाही!

त्या म्हणाल्या, "गरम असलं की कण जोरात आदळतात, गार असलं की हळू. तुमच्या डब्यात तसंच इथेही."

माझा कळकट डबा आणि ते एवढंसं डोकं — दोन्हीकडे नियम एकच! अंगावर काटा आला. मोजे सासूबाईंना परत दिले.

१३ जानेवारी

हिला चाकाच्या खुर्चीतून आणलं. बोट लावलं आणि दचकली. "किती गार आहे रे!" मी रेझीनचं सांगितलं. "माझं पोर म्हणजे काय तुझा बंपर आहे?" हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. "वाचेल ना?" मी तिची खुर्ची त्याच्या आणखी जवळ सरकवली.

१४ जानेवारी

काही नाही. तसाच पडून आहे.

मी कसा माणूस! गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणत नाही. चहासुद्धा उभ्यानेच पितो. आणि इथे काचेला नाक लावून म्हणतोय — हळू रे, अजून हळू.

१५ जानेवारी

सकाळपासून ऊब द्यायला लागलेत. तीही अर्ध्या अर्ध्या अंशाने! "एकदम नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपल्याला घाई नाही." आकडा चढत होता. मेणासारखी पांढरी कातडी हळूहळू गुलाबी झाली. मी पापणी हलवली नाही. एवढ्याशा अंगात किती क्रिया चालू असतील, एकाच वेळी, कुणीही न सांगता! आपण जिवंत असतो म्हणजे हे सगळं बिनबोभाट चालू असतं. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं.

मग ओठ थरथरले. आणि रडला! केवढा आवाज! शेजारची दोन बाळं जागी झाली. सिस्टर म्हणाली, "बापावर गेलाय."

२० जानेवारी

मेंदूचा फोटो आला. छोटा डाग राहिलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिवाची काळजी मिटली. पण बसणं, बोलणं, शिकणं — सगळं इतरांपेक्षा उशिरा होईल. ही माझ्याकडे बघत राहिली. माझा स्वभाव तिला ठाऊक.

मी पोराला छातीशी घेतलं. म्हटलं, "होऊ दे. मला कुठे जायचंय?"