काम संपल्यावर म्हणायचं

अबुधाबी,
९ जानेवारी २०२६

ती. सौ. उर्मिलावहिनी,
सा. न.

मी बरा आहे. इथे थंडी पडलीय, सकाळी साइटवर धुकं असतं. दादाच्या गुडघ्याचं तेल गावी निघालेल्या एकाबरोबर पाठवलंय. अस्मीला सांगा, तिच्या रंगपेट्याही त्यातच आहेत.

मुद्दाम पत्र लिहितोय. फोनवर तुम्ही विचाराल, "आप्पांच्या वर्षश्राद्धाला येताय ना, भावजी?" आणि मी पुन्हा म्हणेन, कंपनी सोडेल असं वाटत नाही.

मंगळवारी आमच्या साइटचे मोठे साहेब, पाक साहेब, कायमचे कोरियाला परत गेले. दादा ज्यांना शिव्या घालतो, तेच. हत्यारांच्या स्टोअरच्या खिडकीत मी नवा होतो, तेव्हा पहिलं कोरियन वाक्य त्यांनी शिकवलं. 'सुगो हास्योस्सुम्निदा.' तुम्ही कष्ट घेतलेत, असं काहीसं. शिफ्ट सुटली की माणसं सेफ्टीचे पट्टे, नट आवळायचे पाने परत करतात, तेव्हा मान वाकवून म्हणायचं. साहेबाला, हेल्परला, सगळ्यांना. एकदा मी सकाळीच म्हणालो. ते हसले. "नो, नो. वर्क खलास, देन."

माझ्या खोलीतला नीलेश चिडवायचा, "यल्ला धन्या, आता गावी जाऊन म्हशीपुढेही वाक."

अस्मीने फोनवर ते वाक्य माझ्याकडून चारदा म्हणवून घेतलं होतं. तुम्ही आप्पांना पेज भरवत होतात. अर्थ ऐकून मागून म्हणालात, "आमच्याकडे कोण म्हणतं हो असं?" मी हसलो होतो.

गेल्या फेब्रुवारीत दादाचा फोन आला, आप्पा आता थोड्या दिवसांचे. मी पाक साहेबांकडे गेलो. दहा मिनिटांत रजेवर सही झाली. "गो. फादर फर्स्ट." तिकीटही कंपनीनेच काढलं.

दादाला मी सांगितलं, रजा मिळत नाही.

त्याच्या आधीच्या सुट्टीत तुम्ही आप्पांना कुशीवर वळवत होतात. "भावजी, जरा धरता का?" म्हणालात. मी खिशातून फोन काढून कानाला लावला आणि अंगणात गेलो. फोन कुणाचाच नव्हता. तुम्ही ते ओळखलंत, असं मला वाटतं. ते पुन्हा करावं लागेल म्हणून मी आलो नाही. दुसरं कारण शोधून पाहिलं, मिळालं नाही.

माझं विमान सुटलं त्या दिवशी मी स्टोअरच्या खिडकीतच उभा होतो. पाक साहेबांनी विचारलं, "व्हाय हिअर?"

"फादर खलास," मी म्हणालो.

त्यांनी हेल्मेट काढलं आणि कमरेत वाकले. तो सोमवार होता. आप्पा शुक्रवारी गेले. मधले चार दिवस तुम्ही त्यांना भरवत होतात.

या मंगळवारी जाताना त्यांनी स्वतःचं हेल्मेट माझ्या खिडकीत ठेवलं, मान वाकवली आणि तेच वाक्य मला म्हणाले. मागे रांग होती. रोज शंभरदा म्हणतो मी ते. त्यांना मात्र मला उलट म्हणता आलं नाही.

कंपनीने माणसाला बापाचं तोंड बघू दिलं नाही, असं तुम्ही गावात सांगता. आता सांगू नका. दादाला हे वाचून दाखवायचं की नाही, तुम्ही ठरवा. पण शिव्या त्या माणसाला नकोत.

या वेळचीही रजा मंजूर आहे. तिकीट काढलेलं नाही. तुम्ही या म्हणालात तर येईन.

आमच्याकडे कोण म्हणतं, असं विचारलं होतंत. आप्पांचं तीन वर्षं तुम्ही एकहाती केलंत. ते काम संपून अकरा महिने झाले. कोरियनमध्ये लिहीत नाही.

वहिनी, तुम्ही फार कष्ट घेतलेत.

मान खाली घालून,
धनंजय