एव्हलिनच्या दम्याबद्दल

एव्हलिन बाय,

मी सकाळच्या बसने तेल अविवला चालले आहे, काल तुला तपासलं त्या विम्याच्या डॉक्टरकडे. चहा थर्मासमध्ये आहे, भाकऱ्या फडक्यात.

तू भारतातून नुकती आलेली, हिब्रू येत नाही, म्हणून काल मी दुभाषी होते. त्याने हिब्रूत विचारलं, जुना काही आजार? तू मला मराठीत सगळं नीट सांगितलंस, की लहानपणापासून दमा आहे, थंडीत वाढतो. मी त्याला सांगितलं, पोरगी ठणठणीत आहे. आणि बाहेर आल्यावर तू मलाच थँक्यू म्हणालीस.

तुझ्या आजीचं, माझ्या बहिणीचं, रेवदंड्याचं स्थळ दम्यापायी मोडलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात परक्यासमोर कुणी खोकलंच नाही. समोर अनोळखी माणूस, प्रश्न मुलीच्या तब्येतीचा, म्हणून माझ्या तोंडून खोटं निघून गेलं. तो काही लग्न जुळवायला बसला नव्हता, हे परतीच्या बसमध्ये ध्यानात आलं. तरी लाजेने तुझ्याशी बोलले नाही.

उद्या तुला धाप लागली आणि इस्पितळात न्यावं लागलं, तर आजार लपवला म्हणून विमावाले हात वर करतील. विम्याशिवाय युनिव्हर्सिटी वर्गात बसू देत नाही. म्हणून आज खरं सांगून येते.

डॉक्टर तुला पुन्हा बोलावेल. तेव्हा शेजारच्या लेआला बरोबर ने. तिचं मराठी मोडकं आहे, पण तू सांगशील तेच ती त्याला सांगेल. मी बाहेर बाकावर बसेन.

मावशीआजी