सांता फेलिसाचे चार लाख

केसोन सिटी,
मंगळवार, ६ फेब्रुवारी १९९६

प्रिय कुया बाल्दो,

दुरूनच तुझा, थोरल्या भावाचा, हात कपाळाला लावते. तू, वहिनी आणि बदकं खुशाल असाल.

इथे माझ्यावर घोर अन्याय चालला आहे आणि तो कुठेतरी लिहून ठेवला पाहिजे. आमच्या खोलीत एकोणीस माणसं आणि एक पंखा. पंख्याची मान लचकल्यापासून तो साहेबांच्या टेबलापासून भिंतीवरच्या नकाशापर्यंत जातो आणि तिथूनच मागे फिरतो. म्हणजे २०२० सालच्या मनिलाला वारा मिळतो, मला नाही. मी तीन अर्ज केले. तिसऱ्यावर शेरा आला, ‘वाऱ्याच्या भावी गरजेच्या अंदाजासह पुन्हा सादर करावा.’ राजधानीभोवती पंचवीस वर्षांनी किती माणसं असतील, ती कुठे राहतील आणि कुठल्या रस्त्याने कामावर जातील, हे ठरवणारं हे कार्यालय.

बाकी ठीक. गुडघा दुखतो. तांदूळ महागला आहे, तुमच्याकडेही महागला असेल.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. त्यात ‘गाढव’ हा शब्द सहा वेळा आहे, एकदा अधोरेखित. मुद्दा कळला. शनिवारी नगरभवनात आराखड्याची जाहीर सुनावणी आहे. आपल्या तीन हजार वस्तीच्या सांता फेलिसात २०२० साली चार लाख लोक राहतील, असं त्यात छापलं आहे. त्या चार लाखांना बस लागणार, बसला टर्मिनल लागणार, आणि टर्मिनल तुझ्या घरावर आणि बदकांच्या तळ्यावर येणार. ज्या गाढवाने हा आकडा काढला त्याचं नाव मी आतून काढून कळवावं, म्हणजे तू त्याला सगळ्यांसमोर उभा करशील.

शोध चालू आहे. सरकारी कचेरीत गाढव असं चटकन सापडत नाही, एकेक कागद सात-आठ हातांतून जातो.

पहिला संशय परदेशी सल्लागारांवर घे. दोघे आहेत, उंच, सभ्य, सारखे पाणी पितात. वाहतूक मोजणीचं वेळापत्रक त्यांनी बनवलं. त्यांच्या कॅलेंडरात १ नोव्हेंबर हा नुसता बुधवार होता. आमच्यातल्या एकालाही त्यांना सांगावंसं वाटलं नाही की त्या दिवशी सगळा देश मेणबत्त्या, खुर्च्या आणि पत्ते घेऊन आपापल्या मेलेल्या माणसांना भेटायला कबरस्तानात जातो. सुट्टीच्या दिवशी काम केलं की भत्ता दुप्पट मिळतो, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसरा संशय कॉम्प्युटरवर. १९८५ साली जून महिन्यात कुणीतरी आपल्या कबरस्तानासमोरच्या चौकात दिवसभरात ६४० माणसं मोजली होती. या खेपेस ९,१०० भरली. दहा वर्षांत चौदा पट. कॉम्प्युटरने तोच वेग पुढे धरला आणि २०२० साली सांता फेलिसात साडेतेवीस लाख माणसं बसवली.

तिसरे आमचे तिर्सो साहेब. साडेतेवीस लाख बघून ते म्हणाले, हे काही पटत नाही, आणि आपल्या जबाबदारीवर तो आकडा चार लाखांवर आणला. तेव्हा त्यांना शिव्या देऊ नकोस. सावध माणूस आहे. त्यांच्यामुळे तुमची साडेएकोणीस लाख माणसं कमी झाली.

आणि तळं? तळं नकाशावर निळं आहे, त्यावर काही लिहिलेलं नाही. ज्यावर काही लिहिलेलं नाही त्याला आमच्याकडे ‘उपलब्ध जागा’ म्हणतात.

हे इथपर्यंत लिहून मी उठले, चहा प्यायले, पुन्हा बसले.

कुया, चौकात ती ९,१०० माणसं कुणी मोजली हे तुला माहीत आहे. सरकारी छत्रीखाली, हातात टकटक करायचं मोजणी यंत्र घेऊन कोण बसलं होतं ते तू पाहिलं आहेस. त्यातले सहा तर तूच होतास. एकदा खुर्च्या घेऊन गेलास, एकदा फुलं, एकदा पासिंग मावशी, एकदा पासिंग मावशीची विसरलेली दातांची कवळी, मग बर्फ, मग जेवण. दर फेरीला मी एक टक केलं. नियमच तसा आहे. तुझ्या घरावर जी नोटीस आली आहे तिला तुझाही थोडा हातभार आहे, हे शांत डोक्याने ध्यानात घे.

मोजणीच्या कागदावर शेवटी एक रकाना असतो, ‘आज काही असाधारण होते काय?’ मी सकाळी बसतानाच लिहिलं, ‘नाही. दरवर्षीप्रमाणे.’

साहेबांना मी काल सांगितलं की लिहिताना खोटं बोलतेय असं वाटलंच नाही. आपल्याकडे त्या दिवशी घरी बसणारा असाधारण, कबरीवर जाणारा नव्हे. ते हसले. हे उत्तर चांगलं आहे, कचेरीत चालेल. तुझ्यासमोर चालणार नाही, म्हणून खरं सांगते. ‘होय’ लिहिलं असतं तर मोजणी बाद झाली असती, आणि मला तिथे बसायला कारण उरलं नसतं. ती ड्यूटी मी मागून घेतली होती.

ऑगस्टमध्ये आई गेली तेव्हा मी याच आराखड्याच्या बैठकीत होते. तू दोनदा फोन केलास. मी निरोप पाठवला, संपली की निघते. पोचले तेव्हा माती टाकून झाली होती, आणि पासिंग मावशी मोठ्याने म्हणाली, “आल्या बघा मनिलाच्या मॅडम, जेवण वाढा.” तू काहीच बोलला नाहीस. तू बोलला असतास तर बरं झालं असतं.

म्हणून नोव्हेंबरात मला यायचं तर होतं, पण त्या सगळ्यांच्या मधे जाऊन बसायचं नव्हतं. सरकारी छत्री बरी वाटली. दुपारी तू जेवण घेऊन आलास आणि म्हणालास, “आई आत आहे, झेनी. शंभर पावलं.”

मी म्हटलं, “ड्यूटी आहे, कुया.”

“माणसं मोजायची?”

तुझ्या मागून दोन गेली. मी दोन टक केले. तू निघून गेलास, आणि गुरुवारच्या पत्रापर्यंत आपण बोललो नाही.

काल मी साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “झेनाइदा, मग या चार लाख लोकांना आता आपण पाठवायचं कुठे?” त्या चार लाखांच्या भरवशावर म्हणे कर्जाची बोलणी झाली आहेत. पुढच्या फेरआखणीत, म्हणजे २००० साली, हळूच दुरुस्त करू, तोवर कागद त्यांच्या खणात राहू दे, असं ठरत होतं. २००० सालापर्यंत तुझ्या तळ्यात माती पडलेली असेल. मी कागद परत मागितला. माझं कंत्राट मार्चअखेर नवं करायचं आहे, याची आठवण त्यांनी फार सौम्यपणे दिली. वाईट माणूस नाही.

सुनावणीत नोंदवलेली हरकत फाइलीतून काढता येत नाही. आमच्याकडे तेवढा एक नियम चांगला आहे. शनिवारी मी रजा टाकून येते. १९८५ची तारीख, ९५ची तारीख आणि तो रकाना मोठ्याने वाचून दाखवेन. टाळ्या पडतील असं समजू नकोस. टर्मिनलला स्वतःच्या वडिलांचं नाव द्यायचं म्हणून गावकारभारी कपितानने पाटीसुद्धा रंगवून घेतली आहे, असं वहिनीने खाली कोपऱ्यात लिहिलंय. पासिंग मावशीने भाड्यासाठी दोन खोल्या काढल्या आहेत. माझ्यामुळे गावाचे एकदम तीन लाख सत्त्याण्णव हजार लोक जाणार. घर वाचेलच असं वचन देत नाही, पण आकडा पडला तर टर्मिनलला उभं राहायला काही उरत नाही.

तू मला उभं करायची गरज नाही. मी स्वतः उभी राहीन. शिव्या मात्र बाहेर आल्यावर दे, आत साहेब असतील.

सुनावणी दहाला आहे. मी पहाटेच्या जीपनीने सातपर्यंत पोचते आणि आधी आत, आईकडे, जाऊन येते. तू आलास तर बरं, नाहीतर कबर मी शोधेन.

त्या दुपारचा तुझा डबा तीन महिने माझ्या खणात होता, टाचण्या ठेवायला बरा पडत होता. आज टाचण्या काढल्या, घासला. शनिवारी घेऊन येईन. रिकामा नाही आणणार.

तू विचारलेलं नाव खाली आहे.

झेनाइदा