निशाण हलत नसतं

माय, तुझ्याशी भांडायचं आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्यावर चिडणाऱ्या बाईला लोक वेडीच म्हणतील. पण माझा नाइलाज आहे, कारण घरात ज्याच्यावर चिडावं तो माणूस आपण चिडलो होतो हेच घटकाभरात विसरतो. बाबा विसरायला लागलेत. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग आपल्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, कोणता ते, आता जेवण झालं की राहिलं तेही. तू मात्र त्यांच्या डोक्यातून काही केल्या जात नाहीस. वरणात मीठ कमी पडलं की "तिच्या हातची सर नाही" हे बरोब्बर आठवतं. करायचं मी, निस्तरायचं मी, रात्री उठून दाराची कडी पाहायची मी, आणि नाव कोणाचं? तुझं. भल्ली मजा आहे बाप्पा तुझी.

नेरच्या डॉक्टरांनी सांगितलं, एकदा नागपूरला मेंदूच्या डॉक्टरला दाखवून आणा. शहाणी माणसं इथून बसनं सरळ नागपूर गाठतात. पण बाबा ओसरीत फतकल मारून बसले, "मले रेल्वेनंच जायचं हाय." काहून, तर तू रेल्वेनं न्यायचीस. आता आपल्याकडं रेल्वे आहे कुठं? यवतमाळची ती छोटी गाडी कधीचीच बंद, आणि नवी लाईन येऊन राह्यली, येऊन राह्यली असं ऐकता ऐकता माझे केस पिकले. म्हणजे आधी एसटीनं बडनेरा, नागपूरकडं पाठ करून, आणि तिथून पुन्हा नागपूर. मी म्हटलं, बाबा, हे म्हणजे हात डोक्यामागून फिरवून घास खाणं झालं. ते म्हणाले, "तुह्या मायले समजत होतं." झालं. आवळली पिशवी, घेतली छत्री, निघाले.

तुला काय समजत होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. उन्हाळ्यात आपण नागपूरला आत्याकडं जायचो. स्टेशनावर उतरलं की बाकीच्या बाया पदर सावरायच्या, पोरांचे हात धरायच्या. तू पिशवीतून हिरव्या लुगड्याची चिंधी काढायचीस, छत्रीच्या टोकाला बांधायचीस आणि ती छत्री उभी धरायचीस. जत्रेत आपण बैलबंडीच्या बांबूला बांधायचो ना, तसं. तिथं ठीक होतं, माय. तिथं सगळ्या बंड्या सारख्या, म्हणून ज्या घराचं जे फडकं ते त्याचं निशाण, हरवलेल्या पोरानं मान वर करायची आणि आपला रंग पाहून यायचं. पण नागपूरचं स्टेशन म्हणजे जत्रा होती का? लोक वळून वळून पाहायचे, हमाल हसायचे, आणि मला वाटायचं, जमिनीनं गिळावं. बाबांना मात्र काहीच वाटायचं नाही. दोन्ही हातांत ओझं घेऊन, नजर त्या चिंधीवर ठेवून ते गुपचूप तुझ्या मागं चालायचे. एवढा मोठा गडी, पण स्टेशनावर तू त्यांचं वासरू करून टाकायचीस.

एकदा मी पुस्तकांच्या गाड्यापाशी रेंगाळले आणि चुकले. रडत रडत इकडं धाव, तिकडं धाव, आणि शेवटी पाहते तर तू उतरलीस तिथंच उभी, छत्री वर. मी तुझ्या कमरेवर बुक्क्या मारल्या, तू मला शोधायला काहून नाही आलीस म्हणून. तू माझ्या पाठीत एक धपाटा घातलास आणि म्हणालीस, "निशाण हालत नसते पोरी. मी हाल्ली असती तं तू कोणापाशी आली असती?" धपाटा त्या वयातही अन्यायाचाच वाटला. अजूनही वाटतो.

तर आत्ताची गोष्ट ऐक. डॉक्टरांचं झालं. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि आता एकटं सोडू नका म्हणाले, जशी मी सोडतच होते. परतीच्या गाडीला अवकाश होता. बाबांना फलाटावरच्या बाकावर बसवलं, पिशवी मांडीवर दिली. "बाबा, मी पाणी भरून आणते. इथून हालू नका." "नाही हालत." "नक्की?" "अवं, नाही म्हटलं ना!" नळ बाकावरून दिसत होता, माय. बाटली भरेस्तोवर मी वळून पाहिलं नाही, एवढंच. वळले तर बाकावर पिशवी होती आणि बाबा नव्हते.

मग मी जी धावले! फलाटाच्या या टोकाला, त्या टोकाला, पूल चढून पलीकडं, संत्रा मार्केटच्या बाजूच्या दारापर्यंत, परत. स्टेशनात काम चालू आहे, जागोजागी पत्रे लावलेत, तुझ्या वेळचं काही ओळखू येत नाही. दोन्ही गुडघे बोंबलत होते. बाबांना फोन लावला तर तो माझ्याच पर्समध्ये वाजला, कारण सांभाळायला मीच घेतला होता. स्टेशनाच्या ऑफिसातल्या माणसानं बिचाऱ्यानं लगेच माइकवरून नाव पुकारलं, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. पण पूर्ण नावानं बाबांना हाक मारली कोणी आजवर? त्यांना वाटलं असेल कोणी साहेब हरवला. आणि इकडं माझ्या मनात नको नको ते येत होतं. रूळ दिसत होते, गाड्या येत होत्या. ते कुठल्याही डब्यात चढू शकत होते आणि उतरायचं कुठं हे कोणालाच सांगू शकले नसते. मी देवाला शिव्या दिल्या, बाबांना दिल्या, आणि खोटं कशाला सांगू, सगळ्यात जास्त तुला दिल्या.

शेवटी एक पोलीसबाई मला अडवून म्हणाली, "मॅडम, तुम्ही आधी एका जागी उभ्या राहा. नाहीतर ते येतील आणि तुम्हीच सापडणार नाही." ती बोलली आणि माझ्या पाठीत तो धपाटा पुन्हा बसला. राग आला मला, माय, कारण तू बरोबर होतीस.

परत त्याच बाकापाशी गेले. उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा सोडला. मेहंदी रंगाचा आहे, पण दुरून हिरव्यात खपतो. छत्री माझी घडीची, केवढीशी. म्हणून या वयात, या गुडघ्यांनी, चपला काढून बाकावर चढले आणि दुपट्टा बांधलेली छत्री वर धरली. लोक पाहायला लागले. एका पोरानं मोबाइलही वर केला. पाहा म्हटलं, पाहा, तुमच्या मायचं काय जाते! हात भरून आला, बदलला, पुन्हा भरून आला. हलले नाही.

आणि बाबा आले. पुलाच्या पायऱ्यांवरून, कठडा धरत, मान वर करून, नजर थेट छत्रीवर. गर्दीतल्या कोणाकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. खाली आले, दुपट्ट्याचं टोक हातात धरलं आणि माझ्यावरच डाफरले, "इतल्ला वेळ कुठी होती वं तू? अन् पोरगी कुठी हाय? तिले संग नाही आणलं?"

धावताना मी त्यांना काय काय सुनवायचं ते ठरवून ठेवलं होतं. पण मी म्हटलं, "येऊन राह्यली मागून."

गाडीत खिडकीशी बसवलं. वर्धा गेलं तरी ते तसेच, दुपट्ट्याचं टोक मुठीत. मला राहवलं नाही. विचारलं, "पोरगी बरोबर पाहते ना तुमाले?"

"पाहते. लय करते थे माह्यासाठी," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "पण कावते भल्ली."

"मंग?"

"मंग काय. तुह्यावर गेली."

हे मला कधी सांगितलं नव्हतं त्यांनी, माय. तुलाच सांगितलं. बडनेरा येईस्तोवर मी तूच राहिले, आणि मला ते आवडलं. म्हणून हे पत्र कोणाला दाखवायची सोय नाही. बाबांना वाचून दाखवावं, तर ते विचारतील कोणाचं आहे, आणि माझी पंचाईत होईल. छत्री दारामागं टांगली आहे. दुपट्टा अजून सोडलेला नाही.