पानं गेलेला कांचन

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
रविवार, २ मार्च १९७५

चि. शिवपुत्र यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. गुडघा दुखतो, चौथीचा वर्ग अजून पाढ्यांना घाबरतो आणि नळ सकाळी तासभरच येतो. म्हणजे नवीन काही नाही. डिसेंबरातलं तुझं दोन ओळींचं कार्ड मिळालं होतं. त्यातली एक ओळ आशीर्वाद मागण्यातच गेली.

अंगणातली बातमी मात्र आहे. विहिरीकडचा बहावा माझ्या खांद्याला आला. अनंतावर पांढरी कीड पडली होती, राख टाकली, गेली. तामण काही तगेल असं दिसत नाही. त्याला भरपूर पाणी लागतं आणि मी हट्टाने सोलापुरात लावला. आणि कांचन फुलला, पहिल्यांदाच.

हे तीन आठवड्यांपूर्वीच कळवायला हवं होतं. रोज कार्ड काढायचे आणि परत फडताळात ठेवायचे.

त्याचं बी आपण दूधपावडरच्या डब्यात रुजवलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात भांडी विसळलेलं पाणी त्याला घालायचो. माणसांना पाणी नाही आणि तू झाडाला पाजतेस, असं तू कुरकुरायचास, पण बादली तूच उचलायचास. लग्न करून तू होटगीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलास तेव्हापासून या घरात कन्नड बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून मी त्या झाडाशी बोलते. शेजारच्या काशम्माने एकदा ऐकलं आणि कोण पाहुणे आले म्हणून डोकावली. कोणी नाही, म्हटलं.

आता दसऱ्याचं. त्या दिवसाबद्दल तू कार्डात अक्षर काढलं नाहीस. मी टाळून टाळून किती टाळणार?

तू देवळात गेला होतास. सोजरचा लग्नानंतरचा पहिला दसरा. बाजारातून आणलेलं सोनं वाळकं निघालं, म्हणून तिने अंगणातल्या कांचनाची पानं तोडली. आपटा आणि कांचन, दोघांचंही पान जोडपान, भलेभले फसतात. वर्गात दरवर्षी हा फरक मीच शिकवते. तिला कोणी शिकवला असेल? ओंजळभर पानं घेऊन ती माझ्यापुढे वाकली. "वन्सं, सोनं घ्या. घरच्याच झाडाचं हाय की."

मी घेतलं नाही. दसऱ्याला वैऱ्याने दिलेलं सोनंसुद्धा माणूस घेतो. मी हात मागे घेतला आणि म्हणाले, "तुमच्याकडं झाडं ओरबाडायलाच शिकवत्यात काय?"

'तुमच्याकडं' म्हणताना माझ्या मनात झाड नव्हतं. तुला कळलं असतं, तिलाही कळलं. ती पानं पदरात धरून तशीच उभी राहिली आणि मी उघड्या फांद्या बघत बसले. तू आलास, तिचं तोंड पाहिलंस, आणि जेवायला न थांबता दोघं निघालात. पोळ्या गाईला घातल्या.

दिवाळीत मी तुला लिहिलं की तिने झाडाचा बहर मारला. ते खोटं निघालं. पौषात उरलीसुरली पानंही गळाली. झाड मेलं असं समजून मी शाळेच्या माळ्याला, महादेवप्पाला, दाखवायला आणलं. तो हसायलाच लागला. "बाई, ह्ये झाड पानं टाकूनच फुलतंय की. तोडली नसती तरी गळालीच असती. पानांपायी कुणाला बोललात काय?"

मी त्याला चहा दिला. आठ दिवसांत नुसत्या काड्यांवर जांभळट गुलाबी फुलं आली, इतकी की रस्त्याने जाणारी माणसं थांबतात. मला एकटीला ती बघवत नाहीत.

पण शिवपुत्र, झाड खरंच मेलं असतं तरी माझं बोलणं बरोबर ठरलं नसतं. राग पानांचा नव्हताच. मला न विचारता तू परजातीतली मुलगी केलीस आणि घर रिकामं झालं, त्याचा होता. तुझ्यावर काढायची हिंमत झाली नाही, तू तुटशील म्हणून. तिच्यावर काढला, आणि तू तुटलासच.

हे पत्र मनात वाचू नकोस. सोजरला मोठ्याने वाचून दाखव. 'तुमच्याकडं' हे वाक्यही गाळू नकोस.

येत्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरने मी होटगीला येते. येऊ नको म्हणायचं असेल तर कार्ड टाक, वेळ आहे. फुलं आणणार नाही. ती तोडली की मलूल होतात.

जूनमध्ये तुमचं बिऱ्हाड बघायला आले होते, तेव्हा सोजरने पुढे केलेला तांब्या मी उंबऱ्यावरच ठेवला होता. तहान नाही म्हणाले. स्टेशनपासून उन्हात चालत आले होते, घसा कोरडा पडला होता. तिला सांग, या वेळी पाणी विचार. नाही विचारलं तरी मी रागावणार नाही. मागून घेईन.

तुम्हा दोघांची,
अक्का